चौदा गाण्यांचे दप्तर

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी, पत्रव्यवहार, फार तर नाणी डोळ्यांसमोर येतात. लोकप्रिय गाण्यांच्या निवडक संग्रहाला त्या पंक्तीत पाट मांडू लागलो तर आपल्या मंडळातील काही जाणकार सभासद भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. परंतु निवड ही केवळ इतिहास जपत नाही, ती तो घडवतेही, याचा ठळक दाखला आपल्याच वाङ्मयात आहे. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ साली ‘नवनीत’ हा मराठी कवितेतील वेच्यांचा ग्रंथ सिद्ध केला. पुढे कित्येक वर्षे शिकलेल्या माणसाच्या मनात जुनी मराठी कविता म्हणजे नवनीतात जी आली ती, असे समीकरण बसून गेले. वेच्यात आले ते पाठ झाले, बाहेर राहिले ते पोथ्यांच्या रुमालात राहिले. वेचणाऱ्याचा हात असा दूरवर पोहोचतो.

ज्या संग्रहाविषयी आज लिहावयाचे आहे तो मात्र कवितेचा नाही, आणि आपल्या देशातलाही नाही. ‘स्लेड’ या इंग्लिश वाद्यवृंदाच्या गाण्यांची ‘स्लेडेस्ट’ नावाची तबकडी पॉलिडोर कंपनीने सप्टेंबर १९७३ च्या अखेरीस लंडनमध्ये बाजारात आणली आणि ती खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. नावातच गंमत आहे. इंग्रजीत विशेषणाची उत्तमावस्था दाखवणारा जो प्रत्यय, तो या मंडळींनी स्वतःच्या नावाला लावला. आपल्याकडे ‘स्लेडतम’ असे काहीतरी म्हणावे लागेल. व्याकरणाशी असा खेळ करण्याची या चौघांना खोड होती. तिच्याकडे पुढे सविस्तर वळू.

‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणजे गाजलेल्या गाण्यांचे संकलन, ही व्यापारी युक्ती तोवर नवी राहिली नव्हती. अमेरिकेत १९५८ साली जॉनी मॅथिस या गायकाच्या गाण्यांचा तसा संग्रह निघाला आणि वर्षानुवर्षे तो खपाच्या यादीत ठाण मांडून होता. तेव्हापासून प्रत्येक कंपनीला हे सोपे उत्पन्न ठाऊक झाले होते. नवे ध्वनिमुद्रण नाही, नवा खर्च नाही, जुनाच माल नव्या वेष्टनात. म्हणून अशा संग्रहांकडे समीक्षक नाक मुरडून पाहतात, आणि बहुतेक वेळा ते योग्यही असते. ‘स्लेडेस्ट’ला हा आक्षेप दोन कारणांनी लागू पडत नाही.

पहिले कारण त्या काळच्या ब्रिटिश प्रथेत आहे. तिथे सिंगल, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेली लहान तबकडी, आणि दीर्घ तबकडी हे दोन निराळे व्यवहार मानले जात. जे गाणे लहान तबकडीवर विकले तेच पुन्हा मोठ्या तबकडीवर घालून मुलांच्या खिशातले पैसे दुसऱ्यांदा काढणे प्रशस्त समजले जात नसे. परिणामी स्लेडची ‘कॉझ आय लव्ह यू’, ‘लुक वॉट यू डन’, ‘टेक मी बॅक ओम’, ‘कम ऑन फील द नॉइझ’, ‘स्क्वीझ मी प्लीझ मी’ ही घराघरांत पोहोचलेली गाणी ब्रिटनमधील त्यांच्या एकाही दीर्घ तबकडीवर नव्हती. ती सुटी होती. ‘स्लेडेस्ट’ने ती प्रथमच एका दप्तरात बांधली.

दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. या संग्रहातील चौदा गाण्यांपैकी खपाच्या यादीत चढलेली गाणी आठच आहेत. त्यांतील पाच पहिल्या क्रमांकावर गेली होती, एक दुसऱ्या, एक चौथ्या आणि एक सोळाव्या. उरलेल्या सहांपैकी ‘वाइल्ड विंड्स आर ब्लोइंग’, ‘द शेप ऑफ थिंग्ज टू कम’ आणि ‘नो हू यू आर’ ही १९६९ व १९७० सालची तीन गाणी लहान तबकडीवर निघून साफ पडली होती. बाकीची तीन लहान तबकडीचे मुख्य गाणे म्हणून आलीच नव्हती, दीर्घ तबकड्यांच्या पोटात राहिली होती. गाजलेल्या गाण्यांचा म्हणून जो संग्रह विकला गेला त्याचा जवळजवळ निम्मा भाग न गाजलेल्या गाण्यांचा होता! सरकारी नोकरीत ज्यांनी अभिलेख-वर्गीकरण केले आहे त्यांना हे लक्षात येईल. कोणती संचिका कायम ठेवायची आणि कोणती ठरावीक वर्षांनी नष्ट करायची हे ठरवणारा माणूस बहुधा यशस्वी प्रकरणेच जपतो. अयशस्वी प्रस्ताव आधी रद्दीत जातात, आणि मग पुढच्या माणसाला यश आकाशातून पडले असे वाटू लागते. ‘स्लेडेस्ट’मध्ये तसे झालेले नाही. ती सहा गाणी ऐकल्यावाचून उरलेल्या आठांचा उलगडा होत नाही.

ही माणसे आली कोठून? इंग्लंडच्या मध्यभागी, बर्मिंगहॅमच्या वायव्येला वुल्व्हरहॅम्प्टन, वॉल्सॉल, डडली, बिलस्टन ही गावे एकमेकांना खेटून उभी आहेत. दगडी कोळसा, भट्ट्या आणि धूर यांमुळे या टापूला ‘ब्लॅक कंट्री’, म्हणजे काळा मुलूख, असे नाव पडले. विलनहॉलची कुलुपे, वॉल्सॉलची खोगिरे, क्रॅडली हीथच्या साखळ्या अशी गावोगावची प्रसिद्धी. ‘टायटॅनिक’ बोटीचा मुख्य नांगर याच मुलखात, नेदरटन येथे तयार झाला. गायक नॉडी होल्डर हा वॉल्सॉलचा, १९४६ चा जन्म, वडील खिडक्यांच्या काचा पुसण्याचे काम करीत. ड्रमवादक डॉन पॉवेल बिलस्टनचा. त्याने धातुशास्त्राचे शिक्षण घेऊन ओतशाळेत नोकरी केली होती. जिम ली वुल्व्हरहॅम्प्टनचा, चौघांत धाकटा, आणि परगण्याच्या युवा वाद्यवृंदात रीतसर व्हायोलिन वाजवलेला. गिटारवादक डेव्ह हिलचा जन्म डेव्हनमधला असला तरी तो वाढला वुल्व्हरहॅम्प्टनलाच. १९६६ पासून हे चौघे एकत्र वाजवू लागले. नाव आधी ‘द इन-बिट्वीन्स’, मग १९६९ मध्ये ‘अ‍ॅम्ब्रोज स्लेड’, आणि अखेरीस नुसते ‘स्लेड’. ‘अ‍ॅम्ब्रोज’ हे नाव म्हणे कंपनीतील एका चिटणीसबाईंनी आपल्या हातातल्या पिशवीला दिले होते आणि ‘स्लेड’ हे आपल्या बुटांना. कथा खरी असो वा नसो, मंडळींना शोभणारी आहे.

त्यांचा कारभार चॅस चँडलर याने हाती घेतला. हा न्यूकॅसलचा, तरुणपणी जहाजबांधणीच्या कारखान्यात कामगार, पुढे ‘द अ‍ॅनिमल्स’ या वाद्यवृंदात बास गिटार वाजवणारा, आणि जिमी हेंड्रिक्सला अमेरिकेतून इंग्लंडात आणून प्रसिद्धीस नेणारा. माणूस धोरणी होता. पण त्याची पहिली युक्ती मात्र पुरती फसली. १९६९ मध्ये त्याने या चौघांचे केस कापून त्यांना ‘स्किनहेड’ बनवले. आखूड केस, जाड तळाचे बूट, पँटला गॅलस. कामगारवस्तीतील तरुणांत तेव्हा ही टूम निघाली होती.

इथे भारतीय वाचकाने क्षणभर थांबावे, कारण त्याच वुल्व्हरहॅम्प्टन गावात, त्याच वर्षांत, केसांचाच एक दुसरा प्रश्न पेटला होता. १९६७ साली तरसेम सिंग संधू हा बसचालक आजारपणानंतर पगडी व दाढीसह कामावर रुजू झाला आणि गणवेशाच्या नियमाखाली त्याला घरी पाठवण्यात आले. हजारो शिखांनी गावातून मोर्चे काढले. याच गावातून निवडून येणारे खासदार एनॉक पॉवेल यांनी २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध जे कुप्रसिद्ध भाषण केले त्यात या वादाचाही उल्लेख होता. एका शीख नेत्याने आत्मदहनाचा इशारा दिल्यानंतर एप्रिल १९६९ मध्ये नगरपालिकेच्या वाहतूक समितीने बंदी उठवली. म्हणजे ज्या वर्षी गावातल्या शीख चालकांनी केस न कापण्याचा हक्क मिळवला, त्याच वर्षी गावातल्या चार गोऱ्या वादकांनी मालकाच्या सांगण्यावरून केस कापून घेतले. या दोन घटनांत कार्यकारणाचा संबंध नाही, हे उघड आहे. पण ‘स्किनहेड’ हा शब्द पुढे आपल्याकडच्या स्थलांतरितांना मारहाण करणाऱ्या टोळ्यांशी जोडला गेला. हा वेश या चौघांनी लवकरच टाकून दिला हे त्यांच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने बरेच झाले. रसिकांनीही त्याला भीक घातली नव्हती. पडलेली तीन गाणी याच काळातली.

१९७१ मध्ये वारे फिरले. टी. रेक्स वाद्यवृंदाचा मार्क बोलन गालांवर चमकी लावून बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात अवतरला आणि ज्याला पुढे ‘ग्लॅम रॉक’ म्हणू लागले त्या शैलीचा आरंभ तिथून धरण्याची प्रथा आहे. चकचकीत कपडे, उंच टाचांचे बूट, पुरुषांनी केलेली रंगभूषा आणि सोप्या, ठेकेदार चाली हे तिचे ढोबळ स्वरूप. डेव्हिड बोवीसारख्यांनी त्यात नाट्य आणि बौद्धिक डौल आणला. स्लेडने आणला तो जत्रेतला आनंद. होल्डरच्या उंच टोपीवर आरशांच्या गोल चकत्या बसवलेल्या असत. त्यावर दिव्याचा झोत पडला की साऱ्या प्रेक्षागृहात कवडसे नाचत. हिलचा पोशाख तर असा की सोंगाड्याने लाजावे. जिम लीला हा थिल्लरपणा मानवत नसे. त्यावर हिलचे उत्तर असे की गाणी लिहिण्याचे काम तू कर, विकण्याचे माझ्याकडे सोड. वाद्यवृंदाची खरी घडी या वाक्यात आहे, असे मला वाटते.

‘गेट डाउन अँड गेट विथ इट’ हे दुसऱ्याचे गाणे त्यांनी मंचावर गाऊन गाऊन घोटले होते. त्यात त्यांनी बुटांचा दणदणाट आणि टाळ्या ध्वनिमुद्रित केल्या आणि १९७१ मध्ये ते सोळाव्या क्रमांकावर पोहोचले. पाठोपाठ स्वतःचे गाणे हवे म्हणून ली व्हायोलिन घेऊन होल्डरच्या घरी गेला आणि अर्ध्या तासात ‘कॉझ आय लव्ह यू’ तयार झाले. फ्रेंच व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांच्या वादनाची छाया त्या चालीवर आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तिथे राहिले. शास्त्रशुद्ध व्हायोलिन आणि गोदीकामगाराचे बूट एका गाण्यात नांदतात, हे ‘स्लेडेस्ट’ ऐकणाऱ्याला आजही जाणवते. पुढील पाच वर्षांत ओळीने सतरा गाणी पहिल्या विसांत गेली.

आता त्या खोडीविषयी. ‘बिकॉज आय लव्ह यू’ हे शीर्षक होल्डरला फार गुळमुळीत वाटले. त्याने ‘बिकॉज’चे शेपूट तेवढे ठेवले, तेही सी, ओ, झेड असे, आणि ‘लव्ह’ हा शब्द एल, यू, व्ही या तीन अक्षरांत उरकला. गाणे गाजले, आणि मग प्रत्येक शीर्षकात शुद्धलेखनाचा मुडदा पाडण्याची रीतच पडली. ‘व्हॉट’ डब्ल्यू, ओ, टी असे झाले, ‘डन’ डी, यू, एन असे. ‘होम’मधला आरंभीचा एच गळाला. ‘गुडबाय’चा उत्तरार्ध खरेदीच्या ‘बाय’सारखा लिहिला गेला. ‘स्क्वीझ’ आणि ‘प्लीझ’ यांची जी दशा झाली ती सांगवत नाही. इंग्लंडमधील शिक्षकांनी तक्रारी केल्या. मुले निबंधात असेच लिहू लागली तर जबाबदार कोण, असा त्यांचा सवाल होता. शाळामास्तरांच्या घरात वाढलेला वाचक त्यांच्या बाजूने उभा राहील, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरता मीही राहीन.

पण बारकाईने पाहिले तर या चुका एका जातीच्या नाहीत. ‘ओम’ या लेखनात काळ्या मुलखातल्या माणसाचा उच्चार खरोखर उतरला आहे. तिथला सामान्य माणूस शब्दारंभीचा हकार उच्चारीत नाही. ‘वी आर’ची संधी करून ती डब्ल्यू आणि दोन ई घालून लांबवण्यातही तोंडाचा तो हेल पकडण्याचा प्रयत्न आहे. डब्ल्यू, ओ, टी असे लिहिलेल्या ‘वॉट’चे मात्र तसे नाही. इंग्लंडात सुशिक्षित माणूसही त्या शब्दाचा उच्चार तसाच करतो. तिथे बोली नाही, उच्चार बदललेला नाही. बदलली आहे ती केवळ कागदावरची अब्रू. ‘आम्ही तुमच्यासारखेच बोलतो, पण तुमच्यासारखे लिहिणार नाही’ असा तो बाणा आहे. इंग्रजी लेखन उच्चारापासून शेकडो वर्षांपूर्वी फारकत घेऊन बसले म्हणूनच हा बाणा तिथे दाखवता येतो. मराठीत लेखन पुष्कळसे उच्चाराबरोबर चालते, त्यामुळे आपल्याकडे अशुद्ध लिहिणारा बहुधा निराळे बोलणाराही असतो.

आणि हे सारे घडले कोठे? इंग्रजी शब्दांचे लेखन ज्यांच्या १७५५ च्या कोशाने स्थिरावण्यास मोठा हातभार लावला ते डॉ. सॅम्युएल जॉन्सन स्टॅफर्डशायर परगण्यातल्या लिचफील्डचे. वॉल्सॉलही १९७४ पर्यंत त्याच परगण्यातले होते, लिचफील्डपासून थोड्या मैलांवरचे. शब्दांचा हा न्यायाधीश लंडनच्या उच्चभ्रू बैठकांतही जन्मभर आपल्या गावाकडच्या हेलातच बोलत असे. त्यांचा विद्यार्थी आणि थोर नट डेव्हिड गॅरिक हा त्यांच्या ‘पंच’ या पेयाच्या उच्चाराची नक्कल करून लोकांना हसवी, असे बॉस्वेलने नोंदवले आहे. कोशात शब्दाचे रूप बांधणारा आणि शीर्षकात ते मोडणारा, दोघेही एकाच मातीचे आणि जवळपास एकाच हेलाचे.

आपल्याकडे महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली, आणि ऱ्हस्वदीर्घाचा वाद काही केल्या मिटला नाही. त्याच्या दहा वर्षे आधी, १९५२ मध्ये, बहिणाबाई चौधरींची कविता आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने छापली गेली ती खानदेशी बोलीच्या रूपांसकट. ती ‘सुधारून’ प्रमाण मराठीत छापली असती तर काय उरले असते? सीमाभागात वाढलेल्या आपणा लोकांना तर हे सांगावयास नको. आपल्या बोलण्यातला कानडी हेल ऐकून पुण्याकडचा पाहुणा हसतो आणि आपणही त्याच्यासमोर जरा जपून बोलू लागतो. स्लेडच्या शीर्षकांमागे बोलीचा असा सखोल अभिमान होता असा दावा मी करणार नाही. त्यात निम्मी विक्रीकला होती. पण विक्रीसाठी का होईना, काळ्या मुलखातली चार पोरे आपला हेल तबकडीच्या लेबलावर छापून राष्ट्रभर विकतात आणि कोणी त्यांना हेल सोडायला लावत नाही, ही गोष्ट लहान नाही. बीबीसीच्या निवेदकांना त्या काळी स्वतःच्या गावचा उच्चार घरी ठेवून यावे लागे.

कानावर विसंबून लिहिण्याचा आणखी एक किस्सा याच संग्रहात दडला आहे. एका मैफलीनंतर खुर्च्यांची मोडतोड झालेले प्रेक्षागृह पाहून होल्डरला ‘माय माय, वी आर ऑल क्रेझी नाउ’ अशी ओळ सुचली. ती ऐकताना चँडलरने ‘माय माय’च्या जागी ‘मामा’ ऐकले आणि मोठे झकास शीर्षक आहे म्हणून वाखाणले. चुकून ऐकलेले तेच कायम झाले. गाणे १९७२ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. पाठभेद कसे जन्मतात याचा अभ्यास हस्तलिखितांवरून करणाऱ्या आपल्या विद्वानांनी हे जरूर टिपून ठेवावे.

१९७३ च्या मार्चमध्ये ‘कम ऑन फील द नॉइझ’ बाजारात येताच पहिल्याच आठवड्यात थेट पहिल्या क्रमांकावर बसले. १९६९ मध्ये बीटल्सच्या ‘गेट बॅक’नंतर असे घडले नव्हते. जूनअखेर ‘स्क्वीझ मी प्लीझ मी’ने तेच पुन्हा केले. १ जुलैला लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये प्रचंड गर्दीसमोर मैफल झाली. आणि ४ जुलैच्या रात्री वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये डॉन पॉवेलच्या मोटारीला अपघात झाला. त्याची वाग्दत्त वधू जागीच गेली. ती अवघ्या वीस वर्षांची होती. पॉवेल जवळजवळ आठवडाभर बेशुद्ध होता. गाणे त्या वेळी देशात पहिल्या क्रमांकावर होते.

तो वाचला, पण स्मरणशक्ती गेली ती कायमची अधू होऊन. वास आणि चव यांचे ज्ञानही गेले. ठरलेल्या दोन मैफलींत लीचा भाऊ फ्रँक याने ड्रम सांभाळले. पॉवेल परत वाजवू लागला तेव्हा हातांना ठेका आठवत होता, परंतु अमुक गाणे सुरू कसे होते हे मित्रांनी त्याला दर वेळी सांगावे लागे. दिवसभरात काय घडले हे दुसऱ्या दिवशी आठवेना म्हणून त्याने रोजनिशी लिहिण्यास आरंभ केला. त्या रोजनिश्यांच्या आधारे त्याचे चरित्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षक अर्थातच स्लेडच्या लेखनपद्धतीप्रमाणे.

‘स्लेडेस्ट’ निघाली ती या अपघातानंतर तीन महिन्यांच्या आत. ज्या माणसाने ती चौदाही गाणी वाजवली होती, ज्याने सुरुवातीच्या काळात काहींचे शब्दही लिहिले होते, त्याला ती सलग आठवत नव्हती. आणि नेमक्या त्याच वेळी ती एका तबकडीवर क्रमाने नव्हे, तर मागेपुढे करून मांडली गेली होती. पहिले गाणे १९७३ चे, नंतरचे १९७२ चे, मधूनच १९७० चे. कालानुक्रम न पाळल्याबद्दल मी एरवी संपादकाला दोष दिला असता. इथे मला तो दोष वाटत नाही. आठवण अशीच येते, आणि ऐकणाऱ्याला यशस्वी गाण्याच्या शेजारी पडलेले गाणे ठेवलेले दिसते. ‘वाइल्ड विंड्स’मधला होल्डरचा गळा तोच आहे, जोर तोच आहे. नाही तो फक्त ठेका धरण्याचा आत्मविश्वास. दोन वर्षांत काय बदलले हे कानांना कळते.

या संग्रहात जे नाही त्याचाही उल्लेख केला पाहिजे. आज ब्रिटनमध्ये स्लेडचे नाव घेताच जे गाणे प्रथम आठवते ते ‘मेरी एक्समस एव्हरीबडी’. ते त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या उकाड्यात, सावरणाऱ्या पॉवेलला घेऊन ध्वनिमुद्रित झाले. मुखडा होल्डरच्या १९६७ सालच्या एका टाकून दिलेल्या गाण्यातला, अंतरा लीचा. डिसेंबर १९७३ मध्ये, कोळशाची टंचाई, विजेची कपात आणि तीन दिवसांच्या कामाच्या आठवड्याची घोषणा अशा उदास दिवसांत ते बाहेर आले, थेट पहिल्या क्रमांकावर गेले आणि दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. तेव्हापासून ते दर नाताळात दुकानादुकानांतून वाजत आले आहे. टाकलेल्या ओळीतूनच हे गाणे उभे राहिले, म्हणूनही न गाजलेली गाणी जपून ठेवण्याला अर्थ आहे.

पुढची कहाणी उताराची आहे आणि ती थोडक्यात सांगितलेली बरी. ‘स्लेड इन फ्लेम’ हा १९७५ चा चित्रपट वाद्यवृंदांच्या धंद्यातला काळोख दाखवणारा निघाला. हसण्याच्या अपेक्षेने आलेले चाहते हिरमुसले. जाणकार त्याची वाखाणणी करू लागले ते पुष्कळ नंतर. अमेरिकेत मुक्काम ठोकूनही तिथे पाय रोवता आले नाहीत. त्याच अमेरिकेत १९८३ मध्ये ‘क्वाएट रायट’ या वाद्यवृंदाने ‘कम ऑन फील द नॉइझ’ पुन्हा गायले आणि ते पाचव्या क्रमांकावर चढले, तेव्हा कोठे मूळच्या चौघांकडे तिथल्या कंपन्यांचे लक्ष गेले. मधल्या काळात १९८० च्या रेडिंग महोत्सवात आयत्या वेळी मिळालेल्या संधीने त्यांना घरी पुन्हा उभे केले होते. १९९२ मध्ये होल्डर बाहेर पडला. २००० च्या नववर्षाच्या सन्मानयादीत त्याला राणीकडून एम.बी.ई. हा किताब मिळाला. मानपत्रावरचे लेखन शुद्ध असणार, यात शंका नाही.

गाजलेल्या गाण्यांचे संग्रह पुढेही निघत राहिले. १९९१ चा ‘वॉल ऑफ हिट्स’ हा त्यांतला विशेष प्रसिद्ध. नाताळचे गाणे त्यात आहे, ऐंशीच्या दशकातले यश आहे, दोन नवी गाणीही आहेत. १९७३ च्या दप्तरातली ती सहा न गाजलेली गाणी मात्र त्यातून गेली. ती गेल्यामुळे संग्रह अधिक सुबक झाला, आणि आरंभ मात्र १९७१ पासून झाल्यासारखा दिसू लागला.

गेलेल्यांत ‘पाउक हिल’ नावाचे एक गाणे आहे. वॉल्सॉलजवळ त्या नावाची टेकडी आहे. पहिल्या तबकडीच्या वेष्टनासाठी १९६९ च्या सुमारास ऐन थंडीत छायाचित्रकाराने या चौघांना तिथे नेले आणि अंगातले सदरे काढून उभे केले. ती तबकडी कोणी विकत घेतली नाही. हुडहुडी भरलेल्या त्या सकाळीवर त्यांनी पुढच्या वर्षी हे गाणे रचले, तेही खपले नाही, आणि १९७३ मध्ये देशभर टोप्या उडत असताना कोणीतरी ते पाच अव्वल गाण्यांच्या जोडीला या तबकडीवर ठेवले.